तळावरचं नाव

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुधाकाकूंच्या कपाटातला एक काचेचा वाडगा न विचारता घरी आणला. ओढणीत गुंडाळून, डब्याच्या पिशवीत. ऑटोत मांडीवर धरून बसले. आमची नालवाडी येईपर्यंत हात काढला नाही.

चोरी नाही ही. परवा परत ठेवणार.

काकूंचे यजमान कृष्णकांत सर तरुणपणी तीन वर्षं स्वीडनला शिकायला होते. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी एकेक करत काचेचे तेरा नग घेतले, आणि स्वेटरांत बांधून वर्ध्याला आणले. सर गेल्या वर्षी वारले. आता त्यांची मुलगी इलाताई काकूंना पुण्याला नेणार, आणि काच मुंबईच्या एका संग्राहकाला विकणार. फोटो काढून यादी करायचं काम माझ्याकडे आहे.

प्रत्येक नगाच्या तळावर कारखान्याचं आणि तो नग ज्यांना सुचला त्यांचं नाव बारीक कोरलेलं असतं. हा वाडगा इंगेबोर्ग लुंडिनचा, ओरेफोर्स कारखान्यातला. जाड काच, आणि काचेच्या आत हवा कोंडून काढलेले चेहरे. त्या कारखान्यात डिझाइन करणारी ती पहिली बाई, असं सरांच्या पुस्तकात आहे. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. म्हणूनच हात याच्याकडे गेला असेल.

परवा यादी वाचून दाखवली तेव्हा काकू म्हणाल्या, "सगळ्यांची नावं आहेत गं. यांचंच कुठे नाही."

ते मनात रुतून बसलं. आणि बाबा तर चाळीस वर्षं भांड्यांवर नावंच टाकतात!

बुधवार, ५ नोव्हेंबर

वाडग्यावर सरांचं नाव टाकायला बाबा आधी नाहीच म्हणत होते. "काचीवर मी कधी केलं नाई. फुटलं तं?" मग वाडगा पालथा केला, सहीवर अंगठा फिरवला. "हात चांगला हाय या माणसाचा."

बाई आहे ती, मी म्हटलं.

"बरं, बाईचा."

तुळशीचं लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे आंदणाच्या भांड्यांची रांग लागली आहे. तरी आधी एका फुटक्या बरणीवर त्यांनी हात बसवून घेतला. नाव कोरायची मशीन घुरघुरायला लागली तशी मी बाहेर जाऊन उभी राहिले. आई म्हणाली, "पेपरले गेलती तवा नाई भ्याली इतकी."

लुंडिनच्या सहीखाली आता 'कृष्णकांत'. मोत्यासारखं अक्षर. फुटला नाही!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

वाडगा जागेवर. इलाताई आल्या की दाखवीन, सगळ्यांसमोर.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काकूंचे मेल मीच वाचते. आज त्या संग्राहकाचा आला. सतराला, सोमवारी, इलाताईंबरोबर येणार. "तळावर मूळ सहीखेरीज नंतर कोरलेलं काहीही असेल तर तो नग मी घेत नाही. लुंडिनच्या वाडग्यासाठीच मुख्यतः येतो आहे."

तीनदा वाचलं.

आमच्याकडे नाव नसलेलं भांडं कोणाचंच नसतं. आईच्या ताटावर आजोबांचं, देवळाच्या गंजावर देणाऱ्याचं. नाव टाकलं की वस्तूचा मान वाढतो, एवढंच मी आजवर पाहिलं. नावाने वस्तू बाद होते हे डोक्यातच आलं नाही. विचारलं असतं तर? विचारायचं नव्हतं मला. काकूंचा चेहरा बघायचा होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

कोरलेलं घासून निघतं का, ते मोबाइलवर शोधलं. निघतं. वरची सहीही जाते.

इलाताईंचा फोन. "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून किल्ली दिली. तळांचे फोटो पाठव." पाठवले. वाडग्याचा आधी काढलेला पाठवला. म्हणजे आता फसवलंही.

काकू शेजारीच मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "पुण्याच्या फ्लॅटमध्ये या कपाटाला जागा नाही म्हणे. मला आहे." मी हो म्हणाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. भांड्यांच्या दुकानासमोर, त्यांच्या बैठकीवरच. शेजारचे कुलूप-किल्लीवाले प्रेमदासकाका नेहमीसारखे ओरडले, "काय डोमाजी, बी.ए. झालेली पोरगी आता बापाची हजेरी घेऊन राह्यली का?" एरवी बाबा उलट टोला हाणतात. आज त्यांनी मशीन बंद केली.

मशीनची वायर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "माह्या हातचं अक्षर हाय ते. कोणीबी वळखते. इचारलं तं माहं नाव सांगजो. तुले नोकरी लागाची हाय अजून."

चाळीस वर्षांत त्यांच्याकडून एक वेलांटी चुकलेली नाही. त्या बैठकीसमोर पोलीस येऊन उभा राहिला, तर? भर बाजारात, प्रेमदासकाकांच्या देखत. मला दुसरं काही दिसतच नाही.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. माझं सांगेन. सतराच्या आधी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काकूंना सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. सगळं सांगितलं, मेल आणि फोटोसुद्धा.

काकूंनी वाडगा मागितला. पालथा करून उजेडात धरला. चष्मा काढला. नखाने अक्षर चाचपलं, क पासून त पर्यंत. दोनदा.

"कोणी कोरलं?"

बाबांनी. पण मी सांगितलं म्हणून. त्यांची चूक नाही.

"इलाला माहीत आहे?"

नाही.

"मग बोलू नकोस." वाडगा कपाटात ठेवला. हात पुढे केला. "किल्ली दे."

दिली.

"उद्या येऊ नकोस."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गेले नाही. आईला म्हटलं, सुट्टी आहे. गल्लीत गाडी थांबली की खिडकीशी जाते. आज चार थांबल्या. बाबा बाजारात जाताना स्वच्छ शर्ट घालून गेले. कोणी न्यायला आलं तर, म्हणून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काकूंचा फोन. "इला सोमवारी येते. उद्या बाबांना मशीन घेऊन घरी या म्हणावं. अजून बारा नग राहिलेत."