चित्रावर ठेवलेला हात

दहिवडी,
रविवार

प्रिय गुणमाला,

"विजे, ही पोरगी वाचत नाही, पाठ म्हणतेय." पाच वर्षांपूर्वी माझ्या शाळेच्या तपासणीला आलीस तेव्हा तू हे म्हणालीस आणि पान उलटून पुढच्या धड्याच्या चित्रावर हात ठेवलास. तोवर ओळीवरून बोट सरकवत धडा घडाघडा म्हणणारी तिसरीतली अंकिता एकदम गप्प झाली. चित्र दिसेना, तेव्हा कुठला धडा म्हणायचा हेच तिला कळेना.

शेजारच्या शाळांनी एकमेकींची मुलं तपासायची, चहा घ्यायचा आणि 'सर्व मुले वाचतात' या यादीवर सह्या करायच्या, अशी तेव्हाची रीत होती. तू एकटीने सही केली नाहीस. मी पलीकडच्या शाळेतल्या वीरधवल सरांना बोलावलं, त्यांनी उभ्याउभ्या केली. "गुणमालाबाईंना सवय न्हाई अजून," म्हणून ते हसले. मीही हसले, तुझ्यासमोर. साताऱ्याच्या वसतिगृहात एका ताटात जेवलेल्या आपण, तू मिरजेकडे बदलून गेलीस तेव्हा निरोपालाही भेटलो नाही.

परवा केंद्रप्रमुखांनी माझ्याकडून लेख मागून घेतला: बावीस वर्षांत शिक्षण किती बदललं. रंगवलेल्या भिंती, फळ्याजागी पडदा, मोबाइलवर हजेरी, सगळं लिहिलं. एक बदल तेवढा लिहिला नाही. पूर्वी मुलाला येत नसलं तर आपण 'येत नाही' असं लिहायचो. आता ते कुणालाच नको असतं. मूल शिकायच्या आधी त्याचा शिकतानाचा फोटो वर पाठवायचा असतो. पण सगळं वरून आलं असं तरी कसं म्हणू? चित्रावरून धडा ओळखायला मुलांना मीच शिकवलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी शाळा शंभर टक्क्यांत आली, सत्काराची शाल मिळाली. ती मी शाळेतल्या टेबलावर अंथरली आहे. पुढे लॉकडाऊन आला आणि मुलांना जे येत नव्हतं ते त्याच्या नावावर टाकता आलं. सगळ्यांनी टाकलं, मीही.

गुरुवारी अंकिताची आई आली होती. मेंढरं विकून ती माणसं तुझ्या गावाजवळच्या द्राक्षबागेत कामाला गेली आणि अंकिता आता आठवीत तुझ्याच वर्गात आहे, हे मला तेव्हा कळलं. पिशवीतून तिने तिसरीचं प्रगतिपत्रक काढलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेलं. म्हणाली, "बाई, तितल्या बाई म्हणत्यात हिला अक्षर येत न्हाई. तुमी तर लिवलंया, लय छान वाचती म्हणून. हिचा बा म्हणतोय, येतच नसंल तर दिवाळीनंतर बेदाण्याच्या शेडवर घाला. तुमी त्या बाईस्नी एक चिठ्ठी द्या, त्यांची चूक झालीया म्हणून. तुमचं ऐकत्याल त्या." मी खरं सांगणार होते. तेवढ्यात तिने पिशवीतून मूठभर बेदाणे काढून माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाली, तुमच्यामुळं आमच्या घरात पयल्यांदा कुणीतरी वाचाय लागलं. मी "देते" एवढंच म्हणाले.

ही ती चिठ्ठी. चूक तुझी नाही. अंकिताला तिसरीत वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटीने तीनपर्यंत तुझ्याकडे पोचते. तिच्या आईबापाला बोलावून घे. त्यांना मी तुझ्यासमोर सांगेन. मग दर शनिवारी दोन तास तुझा वर्ग उघडा ठेव आणि तिला पहिल्या अक्षरापासून मला शिकवू दे. माझ्या हाती ती पुन्हा द्यावी असं मी काहीच केलेलं नाही आणि तू नाही म्हणशील, हेही धरून आहे. तरी विचारते, या शनिवारी येऊ का?

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
विजयमाला