कड्यानं उचललेली शीळ

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे. थेरगावातनं निघताना पोरगं म्हणालं, बाबा, या वयात कशाला? म्हटलं, मग काय तुझ्या गॅलरीत बसून गाड्या बघू? चाकणच्या कंपन्या संपल्या की नदी वळती. काठाला झाडी, वर उभा कडा. सुट्टीला लोकं पाखरं बघायला येत्यात, त्यांची खोली सांभाळायची आन दिसलेलं पाखरू वहीत लिवायचं. शेखर म्हणून त्यांचा पुढारी हाय. दुर्बीण कशी धरायची ते शिकवत बसला. म्हटलं, राव, पाखरूच हाय ना, दिसलं की लिवतो. आमच्या म्हातारीला, इंदूला, जागा आवडली. चूल बी मांडली तिनं.
आज खंड्या, तांबट, धोब्यांची जोडी.

५ नोव्हेंबर
कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला जल्म गेला माझा. मशिनीच्या आवाजात बोलून उपेग न्हाई. हेल्परनं साच्यातनं हात बाहेर काढला की त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायची, एक लांब, दोन आखूड. मग मी प्रेस खाली सोडायचो. इंदूचे कान गेले तवापासनं तिला बी तशीच हाक मारतो. वरडलेलं ऐकू येत न्हाई, शीळ तेवढी पोचती.
आज नदीवरनं चहासाठी शीळ घातली. कड्यावरनं तश्शीच परत आली, पर लई उशिरानं. एक लांब, दोन आखूड. शेखरला फोन केला. म्हणाला, काका, नकला करणारं पाखरू असंल, शोधा. मग काय, दिवसभर शीळ घालून घालून शोधलं. जबाब येतोय, पाखरू न्हाई.

८ नोव्हेंबर
दत्तोबा म्हणून एक गुराखी शेळ्या घेऊन आला. त्यो शेळ्यांना डबा वाजवून बोलावतो. म्हणाला, दादा, हितं शीळ नका घालू, घातली की ती आपली ऱ्हात न्हाई. म्हटलं, मग पावती फाडू का तिची? हसला न्हाई येडा.

११ नोव्हेंबर
दुपारी आडवा झालो होतो. उठून बघतो तर इंदू कड्याच्या वाटंला, हातात चहाचा कप. पळत जाऊन धरली. मलाच शिव्या घातल्या. म्हणाली, आधी बोलावता आन आता वढता, म्हातारचळ लागला का?
मी झोपलो होतो.
पाखरं न्हाईत. एक बी न्हाई.

१३ नोव्हेंबर
शीळ आता झाडीतनं येती. इंदूला खुणांनी सांगितलं, मी शीळ घालणारच न्हाई, ऐकलीस तर हलू नको. मान डोलावली. पर इतक्या वर्सांची सवय. आवाज आला की आंगच उठतं तिचं. मनगट धरून बसलो.
उद्या सकाळी जायचं. बास.

१४ नोव्हेंबर
वळकटी बांधत होतो. ती दोरीवरचं लुगडं काढायला गेली. शीळ आली.
लुगडं तिथंच पडलंय.

१४, दुपार
इंदू कड्याच्या कपारीवर हाय. शेळ्यांची वाट मागनं जाती, त्या वाटंनंच गेली. मी घाई केली, सरळ चढलो. घसरलो. पाय मोडला. बरोब्बर तिच्या खाली पडलोय. मधी नुसती हवा.
शेखर माणसं आन दोर घेऊन निघालाय. चाकणच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत अडकलाय म्हणतो.
वरडलो. घसा बसला. तिला कुठलं ऐकू.
शीळ घातली तर ती माझ्याकडं येणार. सरळ. म्हणून लिवतोय. बोटं तोंडाकडं जाऊ नयेत म्हणून. वही पिशवीत होती ते बरं.

कपारीच्या मागनं शीळ आली. तिनं मान वळवली. उठली न्हाई. शहाणी माझी—

गप झालंय. शेखरचा फोन लागंना.

तिनं मला बघितलं. खाली. हात हलवती. मी हलवत न्हाई. हललो तर बोलावतोय वाटंल. बस, इंदू. बस गं. येत्यात माणसं—

शीळ. माझ्या मागनं. अगदी कानाशी. मी न्हाई घातली, मी न्हाई—
ती हसली. पदर खोचला. व्हय व्हय आले म्हणून मान हलवली आन पाय—