निवृत्तीनंतरचं गाव

बाबा, पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय आणि त्यानंतर राहायचं कुठे, हे काही केल्या ठरत नाहीये. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात गिअरबॉक्सची डिझाइनं करण्यात तीस वर्षं गेली, पण इतका घोळ मी कधी घातला नव्हता. तीन रविवार झाले, तुमची सून आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसतो. मी रकाने आखलेत: जर्मनी, गोवा आणि कोकणातलं तुमचं घर. समोर कर, खर्च, हवा, दवाखाना. पेन्शनवर कर इथे भरायचा तो तिकडे गेलो तरी भरायचाच. तिकडे खर्च कमी, पण इथला आरोग्य विमा तिकडे चालत नाही. इथे नोव्हेंबर लागला की हिचे गुडघे धरतात. हॅम्बर्गहून तुमची नात फोनवर जर्मनमध्ये एवढंच विचारते, "आणि तुमच्यापैकी कुणी पडलं तर?"

हिला मात्र कोकणच हवंय. "अहो, घर आहे, विहीर आहे, माझे गुडघे तिथे दुखत नाहीत. आणखी काय बघायचं?" मी म्हणालो, कराचं गणित बसत नाही. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कराचं काही नाही. तुम्ही घाबरताय." मी उठून भांडी घासायला लागलो.

एसटीच्या वर्कशॉपमधून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा पुणं सोडून कोकणात जा, हे मीच सांगितलं होतं. स्वस्ताई, चांगली हवा, परसात भाजी. दीड वर्षाने मी येतो तर भर दुपारी तुम्ही घरात नाही. आई म्हणते, "स्टँडवर असतील." तुम्ही खरंच स्टँडच्या बाकावर बसलेले, आत येणाऱ्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून. "हिचा क्लच जातोय. ड्रायव्हरला सांगितलं, तर म्हणतो, आजोबा, बाजूला व्हा." मग घरी चालताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "हवा चांगली आहे रे. पण नुसती हवा किती खायची?" पुढच्याच वर्षी तुमच्या छातीत कळ आली. हृदयाचं हॉस्पिटल घाटापलीकडे. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, तुम्ही घाटातच गेलात.

परवा मी त्या शेजाऱ्यांना फोन केला. हॉस्पिटल अजून घाटापलीकडेच आहे. हिला म्हणालो, "तू म्हणतेस ते खरंय. मला भीती वाटते. तुला जीपमध्ये घालून तो घाट मला चढायचा नाही." मग पेन घेऊन तिने स्वतःच एक नवा रकाना आखला: थंडीत पुणं, मोठ्या हॉस्पिटलजवळ, बाकीचे महिने इथे. कोकणावर तिने काट मारली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहू शकतो. तुम्ही पुण्याहून सामान हलवण्याआधी फोनवर विचारलं होतं, "तिथल्या डॉक्टरचं बघितलंस ना?" मी म्हणालो होतो, "हो बाबा, सगळी चौकशी केलीय."

मी कुणालाच विचारलं नव्हतं.