एकोणीस तास

प्रिय दादा,

हे पत्र टाकायचं नाही, असं ठरवूनच लिहितेय.

काल फोनवर तू विचारलंस, आई शेवटी काय बोलली. मी म्हटलं, झोपेतच गेली. ते खोटं होतं.

दिवसभर काउंटरवर बसून लोकांची विमानाची तिकिटं काढते मी. तुझ्या शहरापासून इथपर्यंत बारा हजार किलोमीटर, एक विमान बदलून एकोणीस तास. तोंडपाठ आहे. म्हणून 'आत्ता रजा नाही, पुढच्या महिन्यात बघतो' असं तू म्हणालास, तेव्हा मी आईला सांगितलं, दादा विमानात बसला. विमानात फोन लागत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

आणि बाई तग धरून राहिली! नर्सकडून केस विंचरून घेतले. कुणी दार ढकललं की मान उचलायची. एकोणीस तास सरले, तेव्हा मी मधल्या विमानतळावर धुकं पाडलं. मग इंजिन बिघडवलं. डॉक्टर म्हणाले, कशाच्या जोरावर टिकल्यात, कळत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने माझा हात धरला. "आता उतरव गं त्याला. किती वेळ बसवून ठेवशील? पाय सुजतात त्याचे."

"उतरला, आई. येतोच आहे."

"नको. जाऊ दे त्याला घरी," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर दार वाजलं तरी तिने मान वळवली नाही.

तुझं पुढच्या महिन्याचं तिकीट आज काढलं. मधे बारा तास थांबावं लागेल, पण स्वस्त पडतं. आता कुठे घाई आहे?

तुझी धाकटी