ग्रहण म्हणजे नुसती सावली

ताडकळस, १४ जून १९५४, सोमवार
परभणीच्या नर्सबाईंनी काल तपासून पक्के सांगितले. तिसरा महिना. मार्गशीर्षात बाळंतपण.
गेल्या सोमवारी इथल्या कन्याशाळेत रुजू झाले, तेव्हा संशय होता, खात्री नव्हती. शाळेचे सेक्रेटरी दत्तराव यांनी विचारले होते, "काही अडचण न्हाई ना, बाई?" मी नाही म्हणाले. खात्री नसताना अडचण कशी सांगणार? यात खोटे काही नाही.
उद्या शाळा भरायच्या आधी सांगून टाकायचे. शांतपणे. शिकलेल्या बाईने यात लाजायचे काय?

१५ जून
दत्तराव पेरणीसाठी शेतावर. सांगणे राहिले. दोष माझा नाही.

२० जून, रविवार
आमचे हे चुडाव्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन आहेत. सुट्टी मिळाली म्हणून आले. म्हणाले, उगीच लपवू नकोस, नोकरी नवी आहे. मी माझा प्लॅन समजावला. आधी कामाची छाप पाडायची, मग सांगायचे. रजा दिवाळीच्या सुट्टीला जोडून घ्यायची. संक्रांतीला मी परत वर्गात. बाळ आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सांभाळतील. त्यांना अजून विचारलेले नाही, पण त्या नाही म्हणणार नाहीत.
यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "लेकराला सांगितलायस का हा प्लॅन?"
यांना थट्टेशिवाय काही सुचत नाही.

२३ जून
शाळेच्या भिवराबाई, झाडलोट करतात, घंटाही त्याच देतात, आज माठ भरता भरता बोलल्या. माझ्या जागेवर आधी धुरपताबाई होत्या. बाळंतपणाला गेल्या. दत्तराव म्हणाले होते, लेकरू झालं की या. त्या आल्या, तेव्हा खुर्चीत मी.
"तुमीच तर बोललात की त्यांच्याशी," भिवराबाई म्हणाल्या.
मग आठवले. पहिल्या दिवशी कडेवर लेकरू घेतलेली एक बाई दारात उभी होती. नाव घालायला आली असेल असे वाटून मी हसत म्हणाले, एवढ्या लहानाला घेत नाही हो, शिवाय हा मुलगा दिसतोय, ही मुलींची शाळा. ती लेकराला सावरत निघून गेली.
जेवण गेले नाही. पण त्यांची गोष्ट वेगळी. त्या ट्रेंड नाहीत म्हणे, शिक्षिकेचे ट्रेनिंग झालेले नाही. मी ट्रेंड आहे.

२८ जून
बुधवारी सूर्यग्रहण. चांगला मोका. तिसरीच्या मुलींना चेंडू आणि लिंबू घेऊन शिकवले: ग्रहण म्हणजे नुसती सावली, बाकी सगळी अंधश्रद्धा. त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या अंगणात परातीत हळदीचे पाणी घेऊन त्यातले प्रतिबिंब सगळ्यांना दाखवणार. दत्तरावांनाही बोलावले आहे. कार्यक्रम झाला की तिथेच त्यांना बाजूला घेऊन सांगणार.
आत्याबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "गिऱ्हाणात पोटुशी बाई भाईर उभी ऱ्हाती व्हय? लेकराचा ओठ फाटला म्हंजी तुझं बुक शिवून देईल का?"
मी नुसती हसले.

३० जून
कार्यक्रम उत्तम. ऐन वेळी डोके दुखू लागल्याने मी वर्गात बसले. घोंगडीवर, दार लावून. ग्रहण सुटेपर्यंत हलले नाही, कारण हलले की डोके जास्त ठणकते. पेन्सिली तासायचा चाकू भिवराबाईंकडे देऊन टाकला, तोही सहजच. ग्रहणाचा काही संबंध नाही. मुली खिडकीतून ओरडत होत्या, बाई, अर्धा गेला, या ना बघायला! मी आतूनच शाबासकी दिली.
दत्तराव आले होते. बंद दाराकडे बघून गेले म्हणे. सांगणे राहिले.

७ जुलै
गावाचा शाळेवर जीव जडला आहे. रोज कुणीतरी मुलगी घरून काही आणते. चिंच, लोणचे, आवळकाठी. एकीच्या आईने भाजकी माती पाठवली, बहुधा भूगोलाच्या तासासाठी. भिवराबाई मला कळशीला हात लावू देत नाहीत. शिक्षकाचा मान तो हाच.
आरशात नीट पाहिले. लुगड्यात काही दिसत नाही. दत्तरावांना पुढच्या आठवड्यात सांगू. आता घाई करण्यासारखे काही नाही.

१७ जुलै, शनिवार
सांगितले.
माझे वाक्य पुरे होण्याआधीच ते म्हणाले, "गिऱ्हाणाच्या सांजेलाच कळलं की, बाई. पोरी घरोघर सांगत सुटल्या. बाई घोंगडीवर बसल्यात, हलंनात की भाईर येईनात. आता गावात कोन ऱ्हायलंय?"
मी रजेचे बोलले. दिवाळी, संक्रांत, सगळा प्लॅन. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. म्हणाले, "पहिल्या दिशी इचारलं तवाच सांगायचं व्हतं. दोघींचं मिळून काही तरी बसवलं असतं. तुमाला अडचण न्हाई म्हनून त्या धुरपताबाईला लेकरासकट माघारी धाडली मी. आता कमिटीला काय तोंड दावू?"
कमिटीचे ठरलेच आहे. पावसापाण्यात पोटुशा बाईला त्रास कशाला? सोमवारपासून धुरपताबाई. पुढच्या शनिवारपर्यंत मी वर्ग त्यांच्या हवाली करायचा. रुखसत, म्हणजे रजा, मंजूर.
मी विचारले, नंतर मला परत घ्याल ना?
ते जोडे घालता घालता म्हणाले, "लेकरू झालं की या."

१८ जुलै
आत्याबाईंना सांगितले. त्यांनी ताटात जास्तीची भाकरी वाढली. हे आज आले नाहीत. नवा प्लॅन केलेला नाही.
उद्या सकाळी धुरपताबाई येतील. लेकरू कडेवर असेल. दारात थांबल्या तर आत या म्हणायचे, एवढे ठरवले आहे. मग बसाही म्हणावे लागेल. वर्गात खुर्ची एकच आहे.