साडूला चालणारं धान्य

३ तारीख, सोमवार
काल सासऱ्यांच्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने ब्रेड भाजून नेला. साडूने हात लावला नाही. गव्हातलं ग्लुटेन डॉक्टरांनी बंद केलंय म्हणे. इथवर ठीक. पण वर म्हणाला, हा ब्रेड ग्लुटेन चालणाऱ्यांनाही चालणार नाही. सगळे हसले. बायकोचं हसू सगळ्यात उशिरा थांबलं.
सूड घेणार. सोळा तारखेला त्याला जेवायला बोलावलंय. असं बिनगव्हाचं रांधीन की चारचौघांत माफी मागेल.

५ तारीख
धान्यांचा तौलनिक अभ्यास सुरू. तक्ता आखला. ऑफिसचं काम उद्या.
नाचणी: पौष्टिक. शिजवली. तिने भिंतीवर पोस्टर चिकटवता येईल. बाद.

८ तारीख
राजगिरा कढईत फुलवला. झाकण ठेवायचं असतं हे दुकानदाराने सांगायला नको? त्याच्यावरही सूड, पण नंतर. बायकोला दाणे घड्याळामागे सापडले, मग स्वतःच्या केसांत. बोलणं बंद आहे.

११ तारीख
क्विनोआ धुवायचा असतो, हे खाल्ल्यावर कळलं. कडूजहर. साडूला शोभला असता, पण संशय आला असता.

१४ तारीख
ठरलं! जव. दाणा टपोरा, चघळायला दमदार, गव्हाशी काही संबंध नाही. माफी मागून झाल्यावर मी काय बोलायचं तेही लिहून काढलं. दीड पान.

१६ तारीख, दुपारी बारा
बायकोने पातेल्यात डोकावून विचारलं, हे काय? सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. जवातही ग्लुटेन असतं! आठवडाभर आडवा पडला असता, म्हणाली.
क्षणभर विचार केला. एकच क्षण.
मग पातेलं उचलून बाजूला ठेवलं. मला त्याला हरवायचंय, आजारी पाडायचं नाही. घरात वरई तेवढी उरलीय. दुसरं पातेलं घासून घेतलं, चमचासुद्धा. साडू एक वाजता येतोय.

संध्याकाळी पाच
वरई खाली लागली. साडूने मुकाट्याने खाल्ली. टोमण्याची वाट पाहत होतो. बाजूला ठेवलेलं जवाचं पातेलं पाहून त्याने विचारलं, माझ्यासाठी वेगळं पातेलं घेतलंत? हो म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. दोन वर्षं कुणाकडेही गेलो तरी काकडी खाऊन परत येतो, म्हणाला. एवढं कुणी केलं नाही. आणि मला मिठीच मारली. खिशातलं दीड पान चुरगळलं.
शत्रू शरण आला, असं मी धरतो.
फक्त, आता दर रविवारी जेवायला येणार आहे. मी तोंड उघडायच्या आत बायको हो म्हणाली.