अध्यक्षस्थानी कोण?

मंगळ, ४ ऑक्टोबर १९३८. धुळे.
खंडेनवमीला कापसाच्या जिनात यंत्रांची पूजा झाली. पंगत झाली. सभा झाली नाही.

हे कुणालाच कळत नाही, मला सोडून. दरवर्षीची रीत ठरलेली. सरकी काढायच्या चरक्यांना हळदकुंकू वाहायचं, भागधारक गावोगावहून गाड्या जुंपून यायचे, वरणबट्टी आणि वांग्याची भाजी. पानावर बसण्याआधी आमचे अध्यक्ष नाना खुर्चीवरून विचारायचे, “ताळेबंद मंजूर शे का?” सगळे म्हणायचे, “मंजूर.” तीच आमच्या कंपनीची वार्षिक साधारण सभा. नाना श्रावणात गेले. यंदा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून कुणी विचारलं नाही. लोक जेवले, पानसुपारी घेतली आणि गेले.

मी आबांना ऐन पंगतीत आठवण केली. आबा म्हणजे सोनगीरकडचे डायरेक्टर, नानांचे जुने स्नेही. म्हणाले, “नानासनी जागावर कोन बसी, मास्तर? आज नको.”

शाळा सोडून सहा वर्षं झाली, तरी इथे मी मास्तरच. सेक्रेटरी फक्त कागदावर, आणि तुरुंगात जायची वेळ आली तर तिथे.

शुक्र, १४ ऑक्टो.
आबांकडे जाऊन आलो. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कॅलेंडर वर्षात एक सभा व्हायलाच हवी. तीत ताळेबंद मंजूर, मग तो आणि भागधारकांची यादी मुंबईला रजिस्ट्रारकडे. इन्कमटॅक्सवालेही मंजूर ताळेबंदच मागतात. नाही झालं तर रोजचा दंड, आणि जाब सेक्रेटरीला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग, “जेवनूत ना बठ्ठा?”
“सगळे जेवलो.”
“मंग सभा झायी. लिखी टाक.”

पालथ्या घड्यावर पाणी. न झालेल्या सभेचं इतिवृत्त लिहून त्याखाली सही माझी. आबांची नाही. त्यांना यात खोटं काही दिसतच नाही, याचाच राग जास्त येतो.

बुध, २ नोव्हें.
दिवाळी संपली. नव्या वह्यांची पूजा झाली, जुन्या वर्षाचं कुणाला पडलेलं नाही. कापूस यायला लागलाय. जिनाच्या आवाजात माझं कोण ऐकणार.

दामूभाऊ आले होते, नानांचे चिरंजीव. त्यांच्या स्वतःच्या नावावर थोडे शेअर आहेत, नानांचे मृत्युपत्राने अक्कांना, म्हणजे त्यांच्या आईला, जायचे. म्हटलं, नावबदलीच्या कागदावर अक्कांचा अंगठा आणि तुमची साक्ष द्या, निदान यादी तरी नीट होईल. मान खाली घालून म्हणाले, “वरीस व्हस तोलोंग बापनं नाव काढानं नही. आमनामा तशी रीत शे.”

मेलेला माणूस यादीत राहणार, वारस बाहेर. वर्षश्राद्धापर्यंत दामूभाऊ नानांच्या खुर्चीवर बसायलाही तयार नाहीत. बसा म्हटलं तर डोळ्यांत पाणी.

रवि, २० नोव्हें.
जळगावहून ऑडिटर आले. चाळीसगावला गाडी चुकली म्हणून आल्या आल्याच तापलेले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. हिशेब चोख निघाले, त्याबद्दल एक शब्द नाही. “सभा कधी?” एवढंच तीनदा. शेवटी म्हणाले, खंडेनवमीची दाखवता येत असेल तर बघा, मी काही तिथे नव्हतो.

म्हणजे हेही तेच सांगणार. शिकलेला माणूस फक्त सभ्य भाषेत सांगतो.

सौ. म्हणाली, सगळे म्हणतात तर लिहून टाका. मी ओरडलो तिच्यावर. तिचा काय दोष.

सोम, १२ डिसें.
नोटिशीवर डायरेक्टरांच्या सह्या दारोदार फिरून मिळवल्या. अडला हरी. सभा २८ तारखेला, जिनातच. चौदा दिवसांची नोटीस लागते, म्हणून आजच सगळ्यांच्या नोटिसा टपालात टाकल्या. आबा सही करताना म्हणाले, “येवाव कोन? कापूस येचाले मजूर भेटत नहीत, नि तू सभा करस.” येतील न येतील. मी मात्र जे झालं तेच लिहिणार, असं त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज चढला होता माझा.

शनि, १७ डिसें.
आज चक्क नानांच्या घरी गेलो. अक्का ओसरीच्या आत, दाराआड. वर्ष व्हायचं आहे, बाहेर येत नाहीत. मी बाहेरून बोललो, दामूभाऊ मध्ये बसले. अक्कांनी एकच विचारलं, “सभा नही झायी तं जिन बंद पडी का?”
बंद नाही पडणार, म्हटलं. पण दंड बसेल, रजिस्ट्रारने मनात आणलं तर कंपनीचं नावही काढून टाकेल. आणि लोकांचा सल्ला असा, की झाली म्हणून लिहा.
“नि तुमी?”
“जे झालं ते लिहीन.”
चहा आला.

बुध, २८ डिसें.
सकाळी जिनात मी, आबा आणि अजून दोघं. कोरमही होईना. आबा तंबाखू मळत बसले, चेहऱ्यावर ‘सांगितलं होतं ना’. मला रडू यायचं बाकी होतं.

दुपारी गाडी आली. दामूभाऊ हाकत होते, आत अक्का. नाना गेल्यावर पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर. वाटेत गावातून येताना त्यांनी गाडी थांबवून थांबवून लोकांना हाका मारलेल्या, त्यामुळे मागून आणखी गाड्या. अक्का बोलावते म्हटल्यावर कापूस कुणाला आठवला नाही.

मी दामूभाऊंकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. अक्का डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ गेल्या आणि नानांच्या खुर्चीवर बसल्या. “मास्तर, वाचा.” मी ताळेबंद वाचला, यंदा पहिल्यांदाच सगळा. लोकांनी ऐकला, दोघांनी प्रश्नही विचारले. मग अक्कांनी विचारलं, “मंजूर शे का?” मंजूर म्हणाले सगळे. आबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

पंगत नव्हती. इतकी खरी सभा या कंपनीची कधी झालीच नसेल. घरी येऊन सौ.ला सगळं सांगितलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

शुक्र, ३० डिसें.
ऑडिटर येऊन गेले. इतिवृत्ताचा मसुदा वाचला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. “या बाई भागधारक आहेत?”

नाहीत. रजिस्टरात अजून नानाच.

“मग अध्यक्ष कशा? रजिस्ट्रार सभाच धरणार नाही. पुन्हा बोलवायला वर्ष उरलंय कुठे? मुलाचं नाव घाला. तो भागधारक आहे, हजरही होता. दोन शब्दांचं काम.”

आबांना विचारलं. “दामूनं नाव लिखी टाक.” दामूभाऊ स्वतः म्हणाले, लिहा माझं, काही हरकत नाही. लिहायचं म्हणजे नाव फक्त, बसायचं नाही, त्यामुळे रीतही मोडत नाही. सगळ्यांचं एकमत. कोणी खोटं बोलतंय असं कुणालाच वाटत नाही, आणि दुपारभर मलाही वाटत नव्हतं.

संध्याकाळी दामूभाऊ परत आले. घरी बोलणं झालं असावं. अक्कांचा निरोप. “मास्तरले सांग, मी बसेल व्हतू, मन्हंच नाव लिखा. जे झाये ते लिखसू, आसं त्याच बोलेत ना.”

बोललो होतो. तीन महिने ज्याला त्याला तेच ऐकवत होतो, सौ.वरसुद्धा ओरडलो.

खरं लिहिलं तर सभा गेली आणि दंड माझ्या माथी. खोटं लिहिलं तर सगळं ठीक, फक्त कागदावर त्या बाई तिथे नव्हत्या.

बाकी सगळं इतिवृत्त स्वच्छ उतरवून काढलं आहे. हजर भागधारक, ताळेबंद, ठराव. ‘अध्यक्षस्थानी’ लिहिलंय, त्यापुढे जागा सोडलीय. दामूभाऊ उद्या उत्तराला येणार आहेत.